तांडापेठेतली तक्रार

दहा वाजता फोन. निखाऱ्यांच्या गच्चीवरची वीज
अर्ध्यावर आली म्हणे.
नवतपा लागलेला. गोळीबार चौकात डांबर आताच मऊ,
चप्पल ओढून धरणारं,
आणि हेमराज दारातच: "मॅडम, इतकं ऊन पडून राहिलं,
मंग मीटर झोपलं काऊन?"

जिना लोखंडी. कठड्याला हात लावायचा नाही,
हे नागपुरात कुणाला शिकवावं लागत नाही.

वर आठ पॅनल, निळे-काळे, गप्प.
तापमानाची बंदूक रोखली: काच एकसष्ट अंशांवर.
म्हटलं, हेमराज, याला उजेड हवा, आच नको.
उजेड पडला की सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन जागचा उठतो,
एकाच दिशेने चालू लागतो.
काच तापली की त्याचा जोर ओसरतो.
म्हणून फेब्रुवारीतला एखादा गार, लख्ख दिवस
या भट्टीला मागे टाकतो.
त्याला पटलं नाही.
मलाही पहिल्या वर्षी पटलं नव्हतं.

पण तापण्याने थोडं जातं. अर्धं कुठे गेलं?

वायर तपासली. जोड तपासले.
टाकीखाली पाणी तापवायच्या काळ्या नळ्या,
दुपदरी काच, दोन पदरांमध्ये हवासुद्धा नाही.
आत पाणी तापतंय आणि आपलंआपण वर चढतंय, पंपाशिवाय;
बाहेर हाताला काही कळत नाही.
माझी थोरली बहीण अशीच होती.
मे महिन्यात यांना कोण विचारतं?
डिसेंबरात गल्ली बादल्या घेऊन येते.

एवढ्यात कौसल्याबाई. डोक्यावर परात, परातीत गव्हाचा चीक.
"ह्या पाट्या आल्या अन् माह्या कुरडयांची जागा गेली.
नवाले ऊन टाकीपाशी, बाराले मधात,
चारले त्या कोपऱ्यात. मले इचारलं कोणी?"

कुणी विचारलं नव्हतं. आराखडा मीच काढला होता.

मग दिसलं. पूर्वेच्या दोरीवर त्यांची नऊवारी,
नुकती पिळलेली,
आणि तिची सावली, हातभर रुंद,
चार पॅनलांच्या पायथ्यावरून सरळ गेलेली.
माळेतले चार मणी बंद.
हातभर सावली, बस.

"एवढ्याशा सावलीनं?" बाई हसल्या.
त्यांनी तीस वर्षं माग चालवला होता. म्हणून म्हटलं,
ताण्यातला एक धागा तुटला
तर अख्खं कापड थांबवता ना?
त्या हसायच्या थांबल्या.
मग मीच पुढे बोलत सुटले:
पॅनलमधून वीज एकाच दिशेने येते,
भिंतीवरची ती पेटी तिला धोटा करते,
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
सेकंदाला पन्नास वेळा; तेव्हा कुठे कूलर फिरतो.
"पन्नास?" बाई म्हणाल्या. "आमचा मास्तर इतका नव्हता वरडत."

हिंगण्याच्या वसतिगृहातली आरशांची थाळीही सांगितली.
सगळं ऊन एका पातेल्याच्या बुडाशी गोळा,
डाळ उकळते, पण दर वीस मिनिटांनी
थाळी सूर्याकडे वळवावी लागते,
नाहीतर उकळी मोडते.
आणि दूर कुठे वाळवंटात, म्हटलं,
आरशांनी मीठ वितळवतात,
ते तापलेलं मीठ टाक्यांत भरून ठेवतात,
रात्री त्यावर वाफ करतात, वाफेवर चाक फिरतं, वीज होते.

"मिठात ऊन ठेवतेत?"
क्षणभर थांबल्या.
"म्हंजे लोणचंच."

दोरी पश्चिमेला नेली, दोन खिळे नवे.
पेटीवरचे आकडे हळूहळू चढले.
बाईंनी खडूने गच्चीवर तीन रेघा मारल्या, नऊ, बारा, चार,
आणि मला म्हणाल्या, लिहून घे.
मी घेतलं. कंपनीच्या फॉर्मवर त्याला रकाना नव्हता,
समासात लिहिलं.

निघताना हातावर एक कुरडई ठेवली, सकाळचीच,
कडेने कडक.
जिन्यात खाल्ली.
मधे अजून ओली होती.